हरिवंशराय बच्चन

हरिवंशराय बच्चन (जन्म : २७ नोव्हेंबर १९०७, मृत्यू : १८ जानेवारी २००३) हे हिंदी भाषेतील कवी, अनुवादक व आत्मचरित्रकार आणि अलाहाबाद विद्यापीठातील इंग्रजी साहित्याचे अध्यापक होते. ‘मधुशाला’ (१९३५) या काव्याने त्यांना हिंदीभाषक प्रदेशात अफाट लोकप्रियता मिळवून दिली. हिंदी चित्रपट-अभिनेते अमिताभ बच्चन यांचे वडील म्हणूनही ते पुढील पिढ्यांना परिचित झाले. कवी म्हणून मिळालेल्या कीर्तीमुळे त्यांच्या आयुष्याची एक बाजू मात्र काहीशी झाकली गेली. ती म्हणजे इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी आणि अभ्यासक म्हणून त्यांनी केलेली दीर्घ वाटचाल. इंग्रजी साहित्यातील एम.ए.चा अभ्यास त्यांनी १९३० मध्ये अर्ध्यावर सोडला आणि आठ वर्षांनी, १९३८ मध्ये, पूर्ण केला. त्यानंतर सोळा वर्षांनी केंब्रिज विद्यापीठाने त्यांना डब्ल्यू. बी. यीट्स या आयरिश कवीवरील प्रबंधासाठी पीएच.डी. ही पदवी दिली.

घराणे व बालपण

बच्चन यांचा जन्म अलाहाबाद (सध्याचे प्रयागराज) येथे एका मध्यमवर्गीय कायस्थ कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव प्रतापगढ जिल्ह्यातील बाबूपट्टी. वडिलांचे नाव प्रतापनारायण श्रीवास्तव आणि आईचे नाव सरस्वतीदेवी. प्रतापनारायण हे ‘पायोनियर’ या इंग्रजी वृत्तपत्राच्या कचेरीत नोकरीस होते. उत्पन्न बेताचे आणि कुटुंब मोठे, त्यामुळे घरात काटकसर ही नित्याचीच होती. ‘बच्चन’ म्हणजे लहान मूल. घरात लाडाने मारली जाणारी ही हाक त्यांनी पुढे कवी म्हणून स्वीकारली आणि कालांतराने श्रीवास्तव हे आडनाव मागे पडून तेच कुटुंबाचे आडनाव झाले.

कायस्थ घराण्यांच्या रीतीप्रमाणे मुलाने उर्दू शिकावे, म्हणजे पुढे वकिली किंवा सरकारी नोकरीची वाट सोपी होईल, अशी घरच्यांची अपेक्षा होती. त्यानुसार म्युनिसिपल शाळेत आणि नंतर कायस्थ पाठशाळेत त्यांचे शिक्षण झाले. घरातील अवधी बोली, शाळेतील उर्दू, आवडीने जोपासलेली हिंदी आणि महाविद्यालयातील इंग्रजी अशा चार भाषांचे संस्कार त्यांच्यावर विद्यार्थिदशेतच झाले. त्यांच्या पुढील लेखनात या चारही प्रवाहांच्या खुणा आढळतात.

१९२६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांचा विवाह श्यामा यांच्याशी झाला. त्या वेळी श्यामा अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. १९२९ मध्ये बच्चन अलाहाबाद विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि त्याच विद्यापीठात इंग्रजी साहित्याच्या एम.ए.साठी त्यांनी प्रवेश घेतला.

एम.ए.चा अपूर्ण अभ्यास

१८८७ मध्ये स्थापन झालेल्या अलाहाबाद विद्यापीठाचा इंग्रजी विभाग त्या काळी उत्तर भारतात विशेष नावाजलेला होता. अमरनाथ झा यांच्यासारखे विद्वान तेथे शिकवीत असत. पुढे उर्दू कवी म्हणून ख्यातनाम झालेले रघुपती सहाय उर्फ फिराक गोरखपुरी हेही याच विभागात इंग्रजीचे अध्यापक होते. इंग्रजीतील एम.ए. ही पदवी त्या काळात केवळ वाङ्मयीन अभिरुचीची निशाणी नव्हती. महाविद्यालयातील अध्यापकाचे पद आणि वरिष्ठ सरकारी नोकऱ्या यांच्या दृष्टीने तिला मोठे मोल होते. बेताच्या मिळकतीच्या घरातील थोरल्या मुलाने ही पदवी मिळवणे म्हणजे साऱ्या कुटुंबाचे दिवस पालटणे होते.

हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असे. पहिल्या वर्षाची परीक्षा ‘प्रीव्हियस’ आणि दुसऱ्या वर्षाची ‘फायनल’ म्हणून ओळखली जाई. बच्चन यांचे पहिले वर्ष पार पडत असतानाच १९३० मध्ये महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह आरंभला. अलाहाबाद हे नेहरू घराण्याचे गाव आणि राष्ट्रीय चळवळीचे एक प्रमुख केंद्र होते. विद्यार्थ्यांनी सरकारी छत्राखालील शिक्षणाचा त्याग करावा, या विचाराने अनेक तरुण भारावून गेले. त्या लाटेत बच्चन यांनीही विद्यापीठ सोडले. एक वर्ष शिल्लक असताना एम.ए. अपुरे राहिले.

पुढील काही वर्षे ओढगस्तीची गेली. वृत्तपत्राच्या कचेरीतील काम, शिकवण्या, तात्पुरत्या नोकऱ्या असे करत त्यांनी संसार चालवला. अखेर १९३४ च्या सुमारास अलाहाबादच्या अग्रवाल विद्यालयात त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. याच काळात श्यामा यांची प्रकृती ढासळत गेली. क्षयाच्या आजारावर त्या वेळी खात्रीचे औषध उपलब्ध नव्हते. दिवसा शाळा, सायंकाळी शिकवण्या आणि रात्री आजारी पत्नीची शुश्रूषा असा त्यांचा दिनक्रम झाला होता.

‘मधुशाला’ आणि कीर्ती

‘मधुशाला’ या काव्याचा उगम इंग्रजी वाचनात आहे. एडवर्ड फिट्झजेराल्ड याने १८५९ मध्ये उमर खय्यामच्या रुबायांचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले होते. बच्चन यांनी त्याचा ‘खय्याम की मधुशाला’ या नावाने हिंदी अनुवाद केला आणि त्या अनुवादाच्या ओघात त्यांना स्वतःच्या स्वतंत्र रुबाया सुचू लागल्या. मराठीत माधव जूलियन यांनीही त्याच सुमारास खय्यामच्या रुबायांचे अनुवाद केले. माधव जूलियन फार्सीचे प्राध्यापक असल्याने मूळ रुबायांपर्यंत पोहोचले होते, तर बच्चन यांची वाट इंग्रजीतून गेली. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या भारतीय कवींना खय्यामने एकाच वेळी कशी साद घातली, याचे हे बोलके उदाहरण आहे.

‘मधुशाला’मध्ये १३५ रुबाया असून प्रत्येक रुबाईचा शेवट ‘मधुशाला’ या शब्दाने होतो. मद्य, प्याला, साकी आणि मद्यगृह या प्रतीकांतून जीवनाची क्षणभंगुरता, धर्मभेदांच्या भिंती आणि माणसाची अतृप्त तहान यांविषयी कवी बोलतो. डिसेंबर १९३३ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या शिवाजी सभागृहात त्यांनी या रुबाया प्रथम जाहीरपणे गाऊन सादर केल्या. तरुण श्रोत्यांनी त्या डोक्यावर घेतल्या. कविसंमेलनांतून त्यांना सतत मागणी येऊ लागली. १९३५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या या काव्याच्या पुढे असंख्य आवृत्त्या निघाल्या. ‘मधुबाला’ (१९३६) आणि ‘मधुकलश’ (१९३७) हे संग्रह त्यापाठोपाठ आले. या तीन संग्रहांमुळे ‘हालावाद’ ही संज्ञा हिंदी समीक्षेत रूढ झाली.

टीकाही तितकीच झाली. हे काव्य तरुणांना व्यसनाकडे नेईल, असा आक्षेप घेतला गेला. कवी स्वतः मात्र मद्याला स्पर्शही करत नसे. १९३५ मध्ये इंदूर येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाच्या वेळी ही तक्रार गांधीजींपर्यंत पोहोचली. त्यांनी बच्चन यांना बोलावून काही रुबाया ऐकल्या आणि त्यांत आक्षेपार्ह काही नाही, असा निर्वाळा दिला.

वाट्याला आलेल्या या कीर्तीने घरची स्थिती फारशी बदलली नाही. कविसंमेलनात हजारो श्रोत्यांची दाद घेणारा कवी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत मुलांना शिकवायला उभा राहत असे. नोव्हेंबर १९३६ मध्ये श्यामा यांचे निधन झाले. दहा वर्षांचे सहजीवन संपले.

पुन्हा विद्यार्थी

पत्नीच्या निधनानंतर काही महिने बच्चन यांची लेखणी थांबली होती. १९३७ मध्ये त्यांनी शाळेतील नोकरी सोडून एम.ए.च्या दुसऱ्या वर्षासाठी पुन्हा अलाहाबाद विद्यापीठात नाव नोंदवले. सात वर्षांपूर्वी सोबत शिकलेले विद्यार्थी एव्हाना नोकरीधंद्यात स्थिरावले होते. वर्गातील बाके तीच असली तरी शेजारी बसणारे विद्यार्थी वयाने बरेच लहान होते आणि त्यांच्यापैकी अनेकांना ‘मधुशाला’ तोंडपाठ होती. कवी म्हणून सर्वत्र ओळखल्या जाणाऱ्या माणसाने परीक्षार्थी होऊन पुन्हा वर्गात बसणे, हे सोपे नव्हते.

या निर्णयामागे पोटापाण्याचा विचार होता. शालेय शिक्षकाच्या पगारात घर चालणे कठीण होते आणि विद्यापीठातील अध्यापकाच्या पदासाठी एम.ए. आवश्यक होते. त्याचबरोबर विस्कटलेल्या आयुष्याला काही शिस्त लावण्याची निकडही त्यांना भासत असावी. दिवस ग्रंथालयात आणि वर्गात जाऊ लागले. रात्रीच्या एकांतात त्यांची कविताही परत आली, पण ती पूर्वीची राहिली नव्हती.

‘निशा निमंत्रण’ (१९३८) हा संग्रह याच वर्षात आकाराला आला. त्यात शंभर गीते आहेत आणि प्रत्येक गीत तेरा ओळींचे आहे. सायंकाळपासून पहाटेपर्यंतच्या रात्रीचा प्रवास आणि एकट्या पडलेल्या माणसाचे दुःख या गीतांतून समांतर चालते. ‘मधुशाला’तील उत्सवी, सामूहिक सूर येथे पूर्णपणे मावळला आहे. शब्द साधे, वाक्ये बोलण्यासारखी आणि रचना अतिशय आटोपशीर आहे. पाठोपाठ आलेला ‘एकांत संगीत’ (१९३९) हा संग्रहही याच भाववृत्तीचा आहे. इंग्रजी भावगीताचे, विशेषतः सुनीतासारख्या बंदिस्त रचनेचे सान्निध्य या गीतांच्या घडणीला पोषक ठरले असावे. मात्र त्यांतील भाषा अस्सल हिंदी बोलीच्या वळणाची आहे.

१९३८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, बच्चन इंग्रजी साहित्यातील एम.ए. उत्तीर्ण झाले. पुढच्या वर्षी त्यांनी बनारस येथून बी.टी. ही अध्यापनशास्त्राची पदवी घेतली. १९४१ मध्ये अलाहाबाद विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ज्या विभागातून ते १९३० मध्ये बाहेर पडले होते, त्याच विभागात अकरा वर्षांनी ते शिकवण्यासाठी परतले.

दुसरा विवाह व अध्यापनकाल

१९४१ च्या अखेरीस बरेली येथे एका मित्राच्या घरी बच्चन यांची तेजी सूरी यांच्याशी भेट झाली. तेजी या पंजाबातील शीख कुटुंबातील होत्या व लाहोर येथे अध्यापन करत होत्या. २४ जानेवारी १९४२ रोजी अलाहाबाद येथे दोघांचा विवाह झाला. प्रांत, धर्म आणि जात यांच्या सीमा ओलांडणारा हा विवाह त्या काळात सनातनी मंडळींना रुचणारा नव्हता. १९४२ मध्ये अमिताभ आणि १९४७ मध्ये अजिताभ या मुलांचा जन्म झाला. ‘सतरंगिनी’ (१९४५) आणि ‘मिलन यामिनी’ (१९५०) या संग्रहांत या नव्या जीवनाचा प्रसन्न सूर आहे. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळावर त्यांनी ‘बंगाल का काल’ (१९४६) हे मुक्तच्छंदातील काव्य लिहिले.

उपजीविका इंग्रजीची आणि सर्जन हिंदीचे, अशी विभागणी त्यांच्या आयुष्यात आता पक्की झाली. तिचा काच त्यांना जाणवत असे. इंग्रजीच्या वर्तुळात हिंदी कवी म्हणून आणि हिंदीच्या वर्तुळात इंग्रजीचा अध्यापक म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाई. या दोन्ही भूमिकांना न्याय द्यावयाचा तर अभ्यासाची पायरी आणखी वर नेली पाहिजे, या विचाराने त्यांनी यीट्सवरील संशोधनाचा ध्यास घेतला.

केंब्रिज

१९५२ मध्ये बच्चन इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या सेंट कॅथरीन्स महाविद्यालयात दाखल झाले. त्या वेळी त्यांचे वय चव्वेचाळीस वर्षांचे होते. यीट्सच्या काव्यावरील ‘द लोनली टॉवर’ (१९५०) या ग्रंथाचे लेखक थॉमस राइस हेन हे त्यांचे मार्गदर्शक होते. यीट्सच्या काव्यावर गूढविद्येचा पडलेला प्रभाव हा प्रबंधाचा विषय होता. भारतीय तत्त्वज्ञान, ज्यू परंपरेतील कबाला, स्वीडनबर्ग व बोहमे हे युरोपीय गूढवादी आणि थिऑसफी अशा निरनिराळ्या उगमांचा शोध त्यात घेतलेला आहे. संशोधनासाठी ते डब्लिनलाही गेले.

हा विषय भारतीय अभ्यासकाला जवळचा वाटावा असाच होता. तरुणपणी यीट्सवर मोहिनी चटर्जी या बंगाली थिऑसफिस्टचा प्रभाव पडला होता. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या इंग्रजी ‘गीतांजली’ला (१९१२) त्याने प्रस्तावना लिहिली. उत्तरायुष्यात विदर्भातील बडनेरा येथे जन्मलेल्या श्री पुरोहित स्वामी या मराठी संन्याशासमवेत त्याने दहा प्रमुख उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद केला (१९३७). पाश्चात्त्य समीक्षकांपैकी अनेक जण यीट्सच्या या ओढीकडे विक्षिप्तपणा म्हणून पाहत. ती त्याच्या काव्याच्या गाभ्याशी कशी निगडित आहे, हे दाखवणे बच्चन यांना महत्त्वाचे वाटले.

केंब्रिजमधील वास्तव्य सुखाचे नव्हते. पैशाची चणचण सतत होती आणि मुदत वाढत गेली तशी चिंता वाढली. अलाहाबादला तेजी यांनी दोन लहान मुलांसह दोन वर्षांहून अधिक काळ संसार एकहाती सांभाळला. या विरहाच्या काळात बच्चन यांनी लिहिलेली अनेक गीते ‘प्रणय पत्रिका’ (१९५५) या संग्रहात आहेत. १९३७-३८ प्रमाणेच येथेही परीक्षेचा अभ्यास आणि कविता शेजारी शेजारी चालत होत्या. १९५४ मध्ये केंब्रिजने त्यांना पीएच.डी. प्रदान केली आणि त्याच वर्षी ते मायदेशी परतले. प्रबंध पुढे ‘डब्ल्यू. बी. यीट्स अँड ऑकल्टिझम’ (१९६५) या नावाने ग्रंथरूपात आला. यीट्सच्या निवडक कवितांचे हिंदी अनुवादही त्यांनी ‘मरकत द्वीप का स्वर’ (१९६५) या संग्रहात प्रसिद्ध केले.

विद्यापीठाचा निरोप

एवढ्या कष्टाने मिळवलेल्या पदवीमुळे विद्यापीठातील त्यांच्या पदात वा वेतनात अपेक्षित बदल झाला नाही. ही निराशा त्यांच्या मनाला लागली. १९५५ मध्ये त्यांनी अध्यापन सोडले. काही महिने आकाशवाणीच्या अलाहाबाद केंद्रावर काम केल्यानंतर त्याच वर्षी ते दिल्लीस परराष्ट्र मंत्रालयात हिंदीविषयक विशेषाधिकारी म्हणून रुजू झाले. शासकीय व्यवहारात हिंदीचा वापर वाढवणे, दस्तऐवजांचे अनुवाद करणे व परिभाषा ठरवणे, असे या कामाचे स्वरूप होते. सुमारे दहा वर्षे त्यांनी ही जबाबदारी सांभाळली.

इंग्रजी साहित्याचा अभ्यास मात्र व्यर्थ गेला नाही. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ (१९५७), ‘ऑथेल्लो’ (१९५९), ‘हॅम्लेट’ (१९६९) आणि ‘किंग लिअर’ (१९७२) या चार शोकांतिकांचे त्यांनी हिंदीत पद्यानुवाद केले. त्यांच्या ‘मॅकबेथ’च्या दिल्लीतील प्रयोगात तेजी यांनी लेडी मॅकबेथची भूमिका केली होती. हे अनुवाद केवळ वाचनासाठी नसून रंगभूमीवर बोलले जावेत, याची काळजी त्यांनी घेतली. भगवद्गीतेचे ‘जनगीता’ (१९५८) हे अवधी रूपांतरही त्यांनी केले. त्यातून बालपणीच्या बोलीशी असलेले त्यांचे नाते दिसते.

आत्मचरित्र

‘क्या भूलूँ क्या याद करूँ’ (१९६९), ‘नीड़ का निर्माण फिर’ (१९७०), ‘बसेरे से दूर’ (१९७७) आणि ‘दशद्वार से सोपान तक’ (१९८५) अशा चार खंडांतील बच्चन यांचे आत्मचरित्र हिंदी गद्यातील महत्त्वाची कृती मानले जाते. पहिला खंड श्यामा यांच्या निधनापर्यंत येतो. दुसऱ्यात त्यानंतरची सावरण्याची धडपड, एम.ए.ची पूर्तता व दुसरा विवाह आहे. तिसऱ्यात विद्यापीठातील अध्यापन आणि केंब्रिजचे दिवस आहेत. चौथ्या खंडाच्या नावातील ‘दशद्वार’ हे त्यांचे अलाहाबादचे घर व ‘सोपान’ हे दिल्लीचे घर होय. स्वतःच्या उणिवा, कर्ज, आजारपण आणि मानभंग यांविषयी त्यांनी विलक्षण मोकळेपणाने लिहिले आहे. या आत्मचरित्राचा रूपर्ट स्नेल यांनी केलेला संक्षिप्त इंग्रजी अनुवाद १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

सन्मान व अखेरचा काळ

१९६६ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. ‘दो चट्टानें’ या काव्यसंग्रहासाठी त्यांना १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. आत्मचरित्रासाठी १९९१ चा सरस्वती सन्मान त्यांना देण्यात आला. के. के. बिर्ला फाउंडेशनचा हा पहिलाच सरस्वती सन्मान होता. ‘मधुशाला’तील निवडक रुबाया संगीतकार जयदेव यांच्या स्वररचनेत मन्ना डे यांनी गायल्या आणि त्या ध्वनिमुद्रणामुळे हे काव्य नव्या पिढीपर्यंत पोहोचले.

आयुष्याची अखेरची वर्षे बच्चन यांनी मुंबईत मुलाच्या घरी काढली. १८ जानेवारी २००३ रोजी, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, मुंबई येथे त्यांचे निधन झाले. तेजी बच्चन यांचे निधन डिसेंबर २००७ मध्ये मुंबईतच झाले.

मूल्यमापन

छायावादाच्या संस्कृतप्रचुर, धूसर शैलीनंतर हिंदी कवितेला सामान्य वाचकाच्या बोलीजवळ आणण्याचे श्रेय बच्चन यांना दिले जाते. त्यांच्या लोकप्रियतेमुळे काही समीक्षकांनी त्यांना गंभीर कवींच्या पंक्तीत बसवण्यास दीर्घकाळ अनुत्सुकता दाखवली. ‘निशा निमंत्रण’ आणि आत्मचरित्र या दोन कृतींनी हा संकोच बराचसा दूर केला.

इंग्रजी साहित्याचे शिक्षण आणि भारतीय भाषेतील निर्मिती यांचा संबंध विसाव्या शतकातील अनेक भारतीय लेखकांच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. बच्चन यांच्या बाबतीत तो विशेष ठळकपणे दिसतो. फिट्झजेराल्डच्या वाचनातून ‘मधुशाला’ निघाली, एम.ए.च्या अभ्यासाच्या वर्षात ‘निशा निमंत्रण’ लिहिले गेले आणि केंब्रिजच्या एकांतात ‘प्रणय पत्रिका’तील गीते झाली. ज्या पदवीने त्यांना विद्यापीठात अपेक्षित स्थान दिले नाही, तिच्या अभ्यासातूनच हिंदीला शेक्सपिअर आणि यीट्स यांचे अनुवाद मिळाले.